बोट अख्खी घ्यावी लागते

बामणोलीच्या धक्क्यावर माणशी तिकीट मिळत नाही. बोट घ्यायची ती अख्खी. दोघं असा नाहीतर दहा, दर बोटीचा असतो आणि कुठे जायचं त्यावर तो ठरतो. त्यामुळे हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी धक्क्यावर वेगळीच शोधाशोध चाललेली असते. पुण्याहून रात्री निघालेली चार पोरं कोल्हापूरच्या एखाद्या कुटुंबाला गाठतात. “काका, तुम्ही वासोट्यालाच ना?” काका आधी पोरांच्या पाठपिशव्यांकडे बघतात, मग काकूंकडे बघतात आणि मान डोलावतात. झाला सौदा. दिवसभरासाठी दोन अनोळखी घरं एका बोटीची भागीदार होतात, आणि संध्याकाळी परतताना काकूंच्या डब्यातल्या दशम्या पोरांच्या हातात असतात.

बोटींना नंबर असतात. पाळी ज्याची त्याची. “ती निळी नवी बोट द्या हो” असं कितीही लाडीगोडीने म्हटलं तरी नंबर लागेल तीच बोट तुमच्या वाट्याला येते. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे चमत्कारिक वाटतं. पैसे आपण देणार, तर निवड आपली हवी ना? पण धक्क्यावर आधी बघितलं जातं ते प्रत्येक बोटवाल्याच्या घरी चूल पेटते की नाही हे. मला स्वतःला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. का, ते पुढे येईलच.

सातारा शहरापासून कासच्या पठारावरून पस्तीसेक किलोमीटरवर, जावळी तालुक्यात बामणोली आहे. कासला येणारे बहुतेक लोक सप्टेंबरात फुलांचे फोटो काढून माघारी फिरतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि गर्दीने तिथेच ठाण मांडलं. पुढचा घाट उतरून खाली येणारे त्या मानाने थोडे. घाटाच्या वळणांवर झाडीतून पहिल्यांदा पाणी दिसतं तेव्हा हा तलाव आहे की नदी, ते कळत नाही. डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते, तिच्यामागून पाण्याची पट्टी निघते, पुन्हा सोंड, पुन्हा पट्टी. अख्खं पाणी एका नजरेत कुठूनच मावत नाही. हे गोल, थाळीसारखं पाणी नाही. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या दऱ्याच पाण्याने भरलेल्या आहेत, म्हणून त्याचा आकार दऱ्यांचा.

कोयनेचं पाणी मुळात आडमुठं. महाबळेश्वरला जुन्या देवळात पाच नद्यांचा उगम दाखवतात, त्यातली ही एक. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या उगम पावल्या की पूर्वेला नाहीतर पश्चिमेला धावतात. ही मात्र डोंगररांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे पासष्टेक किलोमीटर जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. याच चालीमुळे अभियंत्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. डोंगराच्या आत उंचावर भरपूर पाणी आणि पश्चिमेला सरळ कड्याखाली कोकण. वीज करायला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी इथे पाहणी केली होती. ते राहून गेलं. स्वातंत्र्यानंतर सरकारने काम हाती घेतलं, पाटण तालुक्यात देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला मागे पाणी चढू लागलं. त्या पाण्याचं नाव शिवसागर. लांबी पन्नासेक किलोमीटर, साठा १०५.२५ टीएमसी. हा आकडा सातारा-सांगलीकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. जुलै-ऑगस्टात सकाळी पेपर उघडला की कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस आणि त्याखाली ‘आजचा पाणीसाठा’ वाचल्याशिवाय इकडच्या माणसाचा चहा संपत नाही.

बोट निघाली. वासोट्याच्या गडाला जायचं तर बामणोलीतच वनखात्याच्या कार्यालयात परवानगी काढावी लागते. ओळखपत्राची झेरॉक्स, माणसांची नावं, फी. ते करून आम्ही, म्हणजे मी आणि असेच धक्क्यावर भेटलेले काका-काकू आणि पोरं, बसलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. बोट साधीच, दोन्ही बाजूंना फळ्यांची बाकं, वर पत्रा, मागच्या अंगाला डिझेल इंजिन. बोटवाल्याने हँडल दोन-तीनदा गरागरा फिरवलं, इंजिन खोकलं, काळ्या धुराचा भपका आला आणि एकसुरी फटफट सुरू झाली ती दीड तास. या आवाजाबद्दल आधीच सांगायला हवं. निसर्गाच्या कुशीतली शांतता वगैरे जाहिरातीत जे असतं, ते या बोटीत नाही. शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. पहिल्या पंधरा मिनिटांत फोटो काढून होतात, मग लोक गप्प होतात आणि बघायला लागतात. तिथपासून खरी सफर.

उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं. पाणी आणि झाडी यांच्यामध्ये तांबड्या मातीची एक उघडी पट्टी असते. पाणी भरलेलं असताना ती वीतभर आणि मे महिन्यात बघाल तर चांगला दोन-तीन मजली उतार. बोटवाले पाण्याची खबर त्या पट्टीवरून देतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तसा धक्काही खाली सरकतो. हिवाळ्यात जिथे गाडीतून उतरून चार पायऱ्यांवर बोट मिळते, तिथे मेमध्ये भेगाळलेल्या गाळातून बरंच अंतर तुडवत खाली जावं लागतं.

साठीकडे झुकलेला बोटवाला सुरुवातीला काही बोलेना. आमच्यातल्या एका पोराने विचारलं, “दादा, खोली किती असेल इथे?”

“खोली?” त्याने सुकाणूवरचा हात न काढता पाण्याकडे हनुवटी केली. “हितं खाली आमचं जुनं गाव हाय.”

पोरगं गडबडलं. मी पुढे सरकून बसलो. तुम्ही पाहिलंय का गाव, म्हणून विचारलं.

“मी कुठनं बगणार? माज्या बापानं बगितलेलं. भाताची खाचरं व्हती, नदीच्या कडंला. लय सोन्यासारखी जमीन, म्हणायचा. पाणी लय खाली गेलं की देवळाचा चौथरा दिसतो. मंग जाऊन नारळ फोडतो आमी.”

त्याच्या बोलण्यात दुःख वगैरे काही नव्हतं. रस्त्याने जाताना आपण “हा आमचा मामाचा वाडा” म्हणून दाखवावं, त्या सुरात तो बोलत होता. पुढची दहा मिनिटं तो खालचं गाव दाखवत होता आणि आम्ही वरचं सपाट पाणी बघत होतो. इथे पाणंद, इथे पार, त्या सोंडेच्या पोटाला वरची आळी.

या पाण्याखाली जवळपास शंभर गावं गेली, काही पुरती आणि काही अर्धी. हजारो कुटुंबं उठली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो १९७६ साली केला. देशातला तो पहिला, पण कोयनेच्या माणसांना तो उशिराच. कुणी सांगली, सोलापूरकडे गेलं, कुणी घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्यात. भाताच्या खोऱ्यातला माणूस ज्वारीच्या माळावर नेऊन बसवला. काहींना जमीन मिळाली, काहींना कागद. जमिनीचं ते भांडण अजून मिटलेलं नाही. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली या धरणग्रस्तांनी २०१८ साली कोयनानगरला दीर्घ ठिय्या दिला. विस्थापितांची तिसरी पिढी तिथे बसली होती. आणि काही घरं गेलीच नाहीत. पाणी चढलं तशी ती डोंगराच्या अंगाने वर सरकली आणि होती तिथेच, फक्त उंच, नव्याने चूल मांडून राहिली. बोटींच्या गोष्टीचा आरंभ या वर सरकलेल्या गावांपासून होतो.

नदीकाठचे रस्ते बुडाले, बाजाराच्या वाटा बुडाल्या. सोयऱ्यांचं गाव काल हाकेच्या अंतरावर होतं, ते पाण्यापलीकडे गेलं. पश्चिमेच्या काठावरच्या वाड्यांना मागे कोकणचा कडा आणि पुढे पाणी. मीठ आणायचं, दळण आणायचं, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, पोराला शाळेत घालायचं, सगळ्याला होडी. पुढे जिल्हा परिषदेची लाँच आली, वाहनं नेणारा तराफा आला, तरी दारातली वल्ह्याची होडी सुटली नाही. वर्गाच्या खिडकीतून पाणी दिसणाऱ्या शाळा इथे आहेत आणि त्या पाण्यावरून वल्हवत येणारी मुलंही होती. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. खिरखंडी गावच्या मुली रोज स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पलीकडे उतरून जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जातात, अशी ती बातमी. आपण ज्या पाण्यावर दिवसाचं भाडं मोजून हौसेने फिरतो, त्याच पाण्यावर शाळकरी मुली दप्तर सांभाळत वल्हं मारत होत्या.

तेव्हा शिवसागरावर पर्यटनासाठी बोटी आल्या असं जे म्हटलं जातं, ते उलटं आहे. बोटी होत्याच. पर्यटक मागून आले. ते आले तेव्हा बोट चालवता येणारी, वारा कुठून सुटतो ते ठाऊक असलेली, पाण्याखाली कुठे झाडाचं खोड आहे आणि कुठे वाड्याची भिंत ते बापाकडून शिकलेली माणसं आयती होती. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतली पुरुषमंडळी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून ओझी वाहत आली, अजूनही वाहतात. यात्रेला तेवढी गावं भरतात. बोटीमुळे त्यातले काही जण माघारी येऊ शकले. ज्या पाण्याने जमीन नेली त्याच पाण्यावर पोट भरायची ही एकुलती एक सोय, आणि म्हणून ती नंबराने, पाळीने, सगळ्यांना मिळेल अशी वाटून घेतलेली.

दीड तासाने इंजिन मंदावलं आणि बोट मेट इंदवलीच्या काठाला लागली. हे वासोट्याच्या पायथ्याचं ठिकाण. गावठाणाच्या खुणा आहेत, पण माणूस राहतो तो वनखात्याचा. इथे आणखी एक खास प्रकार असतो. पिशव्या उघडायच्या, आतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे मोजून द्यायचे, अनामत ठेवायची. परत येताना तेवढेच नग दाखवले तर अनामत परत. आमच्यातल्या एका पोराने वर जाऊन वेफर्स खाल्ले आणि रिकामं पाकीट वाऱ्याने कड्यावरून नेलं, तर बिचारा परतीच्या सगळ्या उतारावर त्याच हिशोबात होता. गडावर कचरा नाही त्याचं कारण ही मोजदाद. निसर्गप्रेमाच्या पाट्यांनी जे राज्यात कुठेच साधलं नाही, ते एका वहीने आणि थोड्या अनामतीने साधलं.

हे जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. इथे मुक्काम करायला बंदी आहे, संध्याकाळच्या आत बोटीवर परतायचं. जंगल वाढलं हे खरंच आहे, आणि त्यासाठीही गावं हलली हेही तितकंच खरं. धरणाने वर ढकललेल्या काही वाड्यांना पुढे व्याघ्र प्रकल्पाने दुसऱ्यांदा उठवलं. एका माणसाच्या हयातीत दोनदा घर सोडणं आणि दोन्ही वेळा देशाच्या भल्यासाठी. माझ्यासारखा, जंगलही वाचावं आणि वीजही असावी असं म्हणणारा माणूस इथे फार मोठ्याने बोलू शकत नाही.

वासोट्याची चढण दोन-अडीच तासांची. ओढा ओलांडला की दाट झाडी, खाली पानांचा खच, ऊन अंगाला लागत नाही. वर पोचल्यावर मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा. पण लोक जातात ते बाबूकड्यासाठी. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो कडा, समोर जुना वासोटा, खाली कोकण. इतकी आडजागा की शिवकाळापासून तिचा उपयोग कैद्यांना डांबायला झाला. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनाही या भागातल्या किल्ल्यांवर ठेवलं होतं. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीने हा गड लढवला आणि पेशव्यांच्या बापू गोखल्यांना बरेच दिवस झुंजवलं. त्यावर लोकांनी रचलेली चावट ओवी साताऱ्याकडे अजून तोंडपाठ आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला. आज इतिहास सांगायला गडावर कुणी नसतं. माकडं असतात आणि ती डब्यांवर डोळा ठेवून असतात.

वरून शिवसागर बघितला की मघाची बोट किती नगण्य होती ते कळतं. तिथेच, कड्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड केलं तर या सगळ्या खटाटोपाचा हिशोबही डोळ्यांसमोर मांडता येतो. ते पाणी पूर्वेला जायचं, त्यातलं बरंचसं आपण पश्चिमेला वळवलं. डोंगराच्या पोटातून बोगद्याने ते चिपळूणजवळ पोफळीला उतरतं, जमिनीखालच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीची मुभा दिली. बाकीचं कृष्णाकाठच्या सिंचनाला. त्याचा हिशोब दरवर्षी १ जूनला नव्याने सुरू होतो, त्याला तांत्रिक वर्ष म्हणतात. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी तलावाच्या तळालाच स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं गेलं. आशियातलं अशा प्रकारचं ते पहिलं काम, नॉर्वेकडून घेतलेल्या तंत्राने केलेलं. २५ एप्रिल २०१२ ला तसंच दुसरं झालं. अभियांत्रिकी म्हणून याला तोड नाही. वर्तमानपत्रं कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात ते उगाच नाही. फक्त वराचं वाटप सारखं झालं नाही. मुंबईचे कारखाने या पाण्याच्या विजेवर चालले, तेव्हा याच पाण्याच्या काठावरच्या कित्येक वाड्यांमध्ये रॉकेलच्या चिमण्या होत्या, आणि पुढेही कैक वर्षं राहिल्या.

गड उतरून बोटीवर आलो. भूकंपाबद्दल बोटवाल्याला विचारलं नाही, त्यानेच विषय काढला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं, धक्का मुंबईपर्यंत जाणवला, धरणाच्या भिंतीला तडे गेले. ती पुढे भक्कम करून घेतली. साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो याचं जगभरच्या पुस्तकांतलं ठळक उदाहरण म्हणजे कोयना. कऱ्हाडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून तिथले शास्त्रज्ञ खडकाचा अभ्यास करतात. “आमच्या आईला अजून भांडी पडल्याचा आवाज झाला की दचकायला होतं,” एवढंच म्हणून त्याने विषय सोडला.

परतीच्या वाटेवर दुपार कलली होती आणि पाण्याला लाटा होत्या. बामणोलीहून सकाळी निघताना आरशासारखं असलेलं पाणी तिसऱ्या प्रहरी वेगळंच असतं. बोटवाल्याने गाडीचा ब्रेक दाबावा तसं इंजिन कमी केलं आणि सगळ्यांना नारंगी जॅकेटं नीट बांधायला लावली. काकू म्हणाल्या, उकडतंय. त्यावर तो म्हणाला, “ताई, उकडू दे. बुडाल्यावर गार व्हाल.” सगळे हसले, पण बंद सगळ्यांनी बांधले. हे हसण्यावारी न्यायचं नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती पर्यटकांची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्या लोकांची होती. वळवाच्या दिवसांत आपल्या जलाशयांवर वारा सांगून येत नाही. जॅकेट न घालता बोट सोडणारा चालक दिसला तर उतरून जावं, मग सुट्टी वाया गेली तरी बेहत्तर.

शिवसागराचं दुसरं टोक तापोळ्याचं. महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटर. वाटेत स्ट्रॉबेरीचे मळे, खाली पाणी, आणि ‘मिनी काश्मीर’च्या पाट्या. ही उपमा कुणी दिली त्याला काश्मीरही ठाऊक नसावं आणि कांदाटीचं खोरंही. तापोळ्याला स्पीड बोट मिळते, वॉटर स्कूटर मिळते, पाऊण तासात संगम दाखवून आणतात. महाबळेश्वरच्या तीन दिवसांच्या सहलीत दुपारचे दोन तास भरायला हे ठीक आहे. पोरांना मजा येते, मोठ्यांचे केस विस्कटतात, फोटो चांगले येतात. पण वेगाने गेलं की काठ दिसत नाही, आणि या तलावावर बघायचं ते काठावर आहे: पाण्यात उतरलेली बैलगाडीची वाट, एकट्या उंबराच्या खालचा शेंदरी दगड, जांभा रचलेली खाचरांची बांधणी, कडेला बांधलेली कुणाच्या तरी घरची होडी. तापोळ्यात बोट घ्यायचीच असेल तर संथ चालणारी घ्या आणि कांदाटीच्या अंगाला न्यायला सांगा.

आता या शांत काठावर बरंच काही येऊ घातलंय. मुनावळ्याला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं जलपर्यटन केंद्र मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. धरणाच्या भिंतीजवळचा मोठा पट्टा सुरक्षेसाठी बंद असायचा, पर्यटनाला वाव मिळावा म्हणून ती हद्द कमी करण्यात आली. तापोळ्याहून पलीकडे आहिरकडे जाणाऱ्या मोठ्या पुलाचं काम निघालं. सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांना धरून ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचा गिरिस्थान प्रकल्प रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेला. पलीकडच्या काठावरचं दरे हे एकनाथ शिंदे यांचं मूळ गाव. ते २०२२ साली मुख्यमंत्री झाले आणि या खोऱ्याकडे एकाएकी सगळ्यांचं लक्ष गेलं. इतकी वर्षं पुलाची वाट बघणाऱ्या लोकांना ‘निसर्ग बिघडेल हो’ म्हणून शहाणपण शिकवायचा अधिकार आपल्याला नाही. बाळंतीण बोटीत अडू नये, मुलीने वल्हं मारून शाळेत जाऊ नये, यासाठी पूल हवाच.

प्रश्न पुलाचा नाही, पाण्याचा आहे. पूल झाला की पलीकडे जायला बोट लागणार नाही, आणि बोटवाल्याकडे उरेल ती फक्त पर्यटकाची फेरी. ती फेरी कुणाच्या हातात राहणार? मोठा कंत्राटदार बाहेरून येईल, चकचकीत बोटी आणेल, मोबाइलवर आगाऊ बुकिंग घेईल, सीटमागे दर लावेल, आणि नंबराची पाळी जुन्या काळची गैरसोय म्हणून मोडीत निघेल. आज ज्याच्या नंबरात तुम्ही बसता तो उद्या त्या कंत्राटदाराकडे महिन्याच्या पगारावर सुकाणू धरेल, नाहीतर पुन्हा मुंबईची गाडी पकडेल. आपल्याकडच्या किती समुद्रकिनाऱ्यांवर हे झालेलं आपण बघितलंय. शिवसागराच्या काठावर ते होऊ द्यायचं नसेल तर एक नियम कागदावर यायला हवा: या जलाशयावर पर्यटकांची बोट चालवायचा पहिला हक्क ज्यांची गावं त्याखाली गेली त्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा. सुरक्षेचे, नोंदणीचे, इंजिनांचे नियम जितके कडक करायचे तितके करा. त्यासाठी त्यांना कर्ज द्या, प्रशिक्षण द्या. हक्क मात्र त्यांच्याकडे राहू द्या. १९६० च्या दशकात जे दिलं नाही, त्यातलं थोडं तरी यातून परत देता येईल.

तोवर वाचकांना सांगायचं ते इतकंच. गेलात तर दरावर घासाघीस करू नका. त्यात दिवसभर काठावर थांबून राहिलेल्या माणसाचा दिवसही धरलेला असतो. वासोट्याला जायचं तर शक्यतो शनिवार-रविवार टाळा, आदल्या रात्रीच बामणोलीत मुक्कामाला या. तिथल्या घरांतून नाचणीची भाकरी आणि झणझणीत रस्सा मिळतो. पहाटे पहिल्या नंबराची बोट धरा. ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा, प्लॅस्टिक घरीच ठेवा, जॅकेट अंगातून काढू नका. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. पाऊस सरला की वनखातं वाट खुली करतं, आणि तेव्हा शिवसागर बहुधा काठोकाठ भरलेला असतो.